दोन हजार शंभरचा पीक

माझ्याकडे तपासणीचं काम करणाऱ्या लताताईंनी खलात पांढरी पूड टाकली होती आणि बत्ता हातात घेतला होता. मी रिपोर्टला उशीर झाला म्हणून रागावायलाच लॅबमध्ये शिरलो होतो. सहज प्रिंटरवरचा कागद उचलला आणि रागवायचं राहूनच गेलं.

जळगावच्या एमआयडीसीत माझी छोटी टेस्टिंग लॅब आहे. धुळ्याच्या एका कारखान्याने एकाच मालाच्या दोन बाटल्या पाठवल्या होत्या. एकीत माल द्रावणात विरघळवलेला, दुसरीत कोरडा. दोन्हींवर नाव नाही, फक्त ‘इंटरमीजिएट ३’, म्हणजे मधल्या टप्प्यातला माल.

आयआर मशीनच्या आलेखावरून पदार्थात कोणते अणू कसे जोडलेत ते कळतं. द्रावणाचा आलेख आला होता. आलेखाच्या पट्टीवर २१०० या आकड्याजवळ एरवी मोकळं मैदान असतं. इथे सरळ खाली गेलेला खोल पीक, म्हणजे रेषेचं टोक, होता. म्हणजे बहुधा अझाइड. तीन नायट्रोजन एका ओळीत, सुटायला टपलेले. काही अझाइड घासले तरी फुटतात. आणि पूड तपासायची आमची रोजची रीत काय? मिठासारख्या क्षारात घोटायची, मग प्रेसखाली दाबून चकती, म्हणजे पेलेट, करायची.

एरवी मी ओरडतोच. त्या दिवशी आवाज चढवला नाही.

“ताई, बत्ता बाजूला ठेवा. पुडीला लावू नका. मागे या.”

“भाऊ, पेलेट राहिलीय अजून.”

“राहू द्या.”

खोली बंद केली. अंगणातून धुळ्याच्या प्रॉडक्शन मॅनेजरला, नानांना, फोन लावला.

“नाना, बाटलीत काय आहे?”

“बठ्ठा माल सेफ शे, भाऊ.” सगळा माल सेफ आहे म्हणे.

“अझाइड आहे का?”

आधी त्यांनी विषय बदलून पाहिला. मग म्हणाले, “हो. नाव सांगितलं असतं तर तुम्ही तपासणीचा भाव अजून ताणला असता.”

मी त्यांना काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो राग आजही गेलेला नाही.

स्फोटकं हाताळणारे जाणकार येऊन खलासकट सगळं घेऊन गेले. लताताई असोद्याच्या बसला निघताना म्हणाल्या, “त्यांनी लपवलं, मान्य. पण भाऊ, तुम्ही भावावर तासभर भांडलात. नाव विचारलं होतं का?”

नव्हतं विचारलं.

मग पुढचं काम घ्यायला मी नानांना एकच अट घातली. अझाइड कोरडा करायचाच नाही. आता ते तो द्रावणातच थोडाथोडा बनवतात आणि तसाच पुढच्या पायरीत वापरून संपवतात. आम्ही द्रावण तपासतो. २१०० चा पीक गेला, म्हणजे अझाइड संपला, तरच माल पुढे.

माझ्या दरपत्रकात आता पहिला रकाना पदार्थाच्या नावाचा आहे. भावाचा शेवटचा.