पेरूवाल्याचा आवाज

जुन्नरच्या एसटी स्टँडवरचा पेरूवाला बोलताना अडखळायचा. तो पहिल्या अक्षरावर अडकला, की पुढचं मीच बोलून टाकायचो. तो मान खाली घालून पेरू कापत राहायचा. परवा मात्र त्यानं हात वर करून मला थांबवलं.

"थांबा भाऊ, मी... मीच बोलतो. रविवारी चर्चमधी सगळ्यांपुढं बायबल वा... वाचलं. लई वेळ लागला. येशूला काय घाई न्हवती. त्यानं मला हाय तसाच आ... आपला म्हटलंय. मग तुमालाच कसली घाई?"

मी ओशाळलो. तेवढ्यात नारायणगावची गाडी लागली. ताठ मानेनं तो खिडक्यांखालून ओरडत निघाला, "पे... पे... पेरू!"

त्याचा आवाज इतका खणखणीत आहे, हे मला एवढ्या वर्षांत कळलंच नव्हतं.