बंबखान्याचं दार

हॅलोमावशीचं खरं नाव तिच्या पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. नवरा बंबावर फायरमन होता. तो आजारपणात गेला आणि त्याच्या जागी हिला बंबखान्यात फोनवर बसवलं, त्याला आता निम्मं आयुष्य झालं. फोन वाजला की ती असा काही खणखणीत ‘हॅलो!’ ठोकायची, की पलीकडच्याला आपलं घर पेटलंय याचाच विसर पडावा. मग पत्ता, मजला कुठला, आत कुणी अडकलंय का, एवढं विचारून ती घंटेचं बटण दाबायची आणि पोरं धावत सुटायची. पोरं म्हणजे चांगले मिशीवाले बाप्ये हो, पण मावशीच्या लेखी सगळी पोरंच.

आता फोन काही दिवसभर वाजत नाही, आणि वाजूही नये. मधल्या वेळात मावशीचा दुसरा उद्योग चाले, बोटात रुतलेल्या अंगठ्या कापायचा. काम मुळात फायरमनचं. पण त्या दांडग्या गड्यांपुढे हात करायला बायका संकोचायच्या, म्हणून कुणीतरी ते छोटं कटर मावशीच्या हातात दिलं आणि ते तिच्याच टेबलाच्या खणात राहिलं. पातळ पट्टी अंगठीखाली सरकवायची, वरचं चाक हळूहळू फिरवायचं आणि तोंडाने गप्पा चालू ठेवायच्या. ‘जाड झाले हो मी!’ म्हणत हसत हसत येणाऱ्या बायका असायच्या, तशा न हसणाऱ्याही असायच्या. बोट काळंनिळं, आणि उत्तर एकच, दारात सापडलं. मावशी खोदून विचारायची नाही. चहा द्यायची, बसवून घ्यायची. कुणी रडून मोकळी व्हायची, कुणी मावशीच्या मोबाइलवरून बहिणीला फोन लावायची. बंबखान्यात का आलीस, असं कुणाला कुणी विचारत नाही. म्हणून तर त्या यायच्या.

बंबखाना मात्र पार खिळखिळा झाला होता. भिंतीला तडा गेलेला, छप्पर गळकं. आग विझवणारी माणसं रात्रपाळीला खाटांमध्ये बादल्या लावून झोपायची, आणि वर ‘आपल्याला पाण्याची टंचाई नाही बुवा’ म्हणून हसायची. नवा बंब आला तो दारापेक्षा उंच निघाला. टायरची हवा काढून पाहिली, तरी तो आत शिरेना. शेवटी ताडपत्री पांघरून तो अंगणात उभा राहिला. शेजारी पोलीस ठाणं होतं. त्याची इमारत धड होती, पण आत दिवसाढवळ्या दिवे लावल्याशिवाय तोंड दिसायचं नाही. तेव्हा वरून ठरलं, की बंबखाना पाडायचा, ठाण्याला लागून नवा बांधायचा, ठाणंही आतून बदलून टाकायचं आणि सगळ्याची मिळून एक झकास इमारत करायची.

मग बैठका सुरू झाल्या. आर्किटेक्टबाई वयाने लहान, पण ऐकून घेणारी. टेबलावर नकाशा अंथरून म्हणायची, “तुम्हाला काय हवं ते सांगा, मी बसवते.” कुणी न्हाणीघर मागितलं, कुणी गाड्यांना जागा. मावशीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “दोन दारं कशाला घालता? एकच मोठं दार करा, आणि आत एकच काउंटर. एका बाजूला पोलीस, एका बाजूला मी. माझाही दिवस जाईल, आणि वाचलेल्या जागेत पोरांच्या खाटा बसतील.”

आर्किटेक्टबाई खूश झाली. पण खाटांचं निमित्त होतं, हे बंबखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. मावशीचा एकुलता एक मुलगा त्याच ठाण्यात शिपाई होता आणि काउंटरवर बसायचा. लग्न झाल्यापासून तो बायकोला घेऊन पोलीस वसाहतीत राहत होता. आईकडे फिरकायचा तो कामापुरता. “आता कुठं पळशील!” मावशी त्याला म्हणाली, आणि तोही हसला. मावशीला किती आनंद झाला म्हणून सांगू! लेकाच्या शेजारी खुर्ची टाकून नोकरीचे उरलेले दिवस काढायचे, याहून जास्त तिला काही नकोच होतं.

बंबखाना पाडायला घेतला तेव्हा मावशीचा फोन, घंटेचं बटण आणि टेबल उचलून तात्पुरतं ठाण्याच्या दर्शनी खोलीत आणलं. नव्या इमारतीत जसं बसायचं तसंच. दारातून आत आलं की समोर मुलगा, आणि त्याच्या पलीकडे मावशी. पहिले काही दिवस मोठे मजेत गेले. डबा एकत्र, चहा एकत्र. लेकाचं काम ती कौतुकाने बघायची. कुणी तक्रार घेऊन आलं की तो कसा आवाज चढवतो, समोरचा कसा चाचरतो, हे बघून आधी तिला हसू यायचं. नंतर नंतर येईना.

आणि अंगठ्या बंद झाल्या. एक बाई येईना. मावशीने मनाची समजूत घातली, की जागा बदलली, लोकांना कळलं नसेल. बाहेर पाटी लावली. तरी कुणी नाही. ‘गावातल्या सगळ्या बायका एकदम बारीक झाल्या की काय!’ असं तिने फायरमनना हसत विचारलंसुद्धा.

एका दुपारी खिडकीतून तिला समोरच्या फुटपाथवर सून दिसली. उजवा हात ओढणीत गुंडाळलेला. ती दाराकडे बघत उभी होती. रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं, आत काउंटरकडे नजर गेली, आणि तशीच मागे वळून भराभरा चालायला लागली. हे असं आलेलं पाऊल मावशीने आयुष्यभर पाहिलं होतं, फक्त मागे वळलेलं कधी पाहिलं नव्हतं.

एका फायरमनला फोनवर बसवून तिने खणातलं कटर मुठीत घेतलं. मुलाने मान वर करून विचारलं, “कुठं निघालीस गं?”

“आलेच,” ती म्हणाली.

सून बसथांब्यावर सापडली. ‘काही नाही हो आई, सहज आले होते,’ म्हणाली आणि हात पाठीमागे घेतला. मावशीने दंडाला धरून तिला मागच्या बाजूने अंगणात आणलं. ताडपत्रीखाली नवा बंब उभा होता. त्याच्या केबिनमध्ये दोघी चढल्या आणि मावशीने दार ओढून घेतलं. बोट वांग्यासारखं सुजलं होतं, अंगठी दिसतच नव्हती. मावशी पट्टी सरकवायला लागली आणि सुनेने दातांखाली ओठ धरला.

“कसं झालं?”

“कपाटाच्या दारात सापडलं.”

“कपाटाचं दार बोट चेमटवतं. उलटं पिरगाळत नाही.”

चाक फिरत राहिलं. मावशीला बाकीच्या बायकांशी बोलायला इतक्या गप्पा सुचायच्या, आज एक शब्द सुचेना. शेवटी टक्‌ करून अंगठी तुटली, तेव्हा सून हुंदका देऊन बोलायला लागली. पहिल्यांदा नव्हे. लग्न झाल्यापासून. माहेरी सांगितलं तर म्हणतात, सरकारी नोकरीतला नवरा आहे, सांभाळून घे. पोलिसांत जावं तर तिथे तोच.

“मग माझ्याकडे का नाही आलीस?”

“तुमच्याकडेच यायला निघाले होते. सगळ्या म्हणतात, बंबखान्यात मावशी बसवून घेतात, काही विचारत नाहीत. पण तुमच्याकडे यायचं दारही आता त्यांच्या समोरूनच आहे ना, आई.”

मावशीला कुणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. ते दार तिने मागून घेतलं होतं, हट्टाने, लेकाच्या शेजारी बसायला. येईनाशा झालेल्या साऱ्या बायका तिला एकदम दिसल्या. आणि लेकाचा काउंटरवरचा चढा आवाजही आठवला, जो ती इतके दिवस कौतुकाने ऐकत होती.

“मी सांगते त्याच्या साहेबांना,” ती म्हणाली.

सुनेने डोळे पुसले. आवाजात राग नव्हता. “तुम्ही बोललात तर मीपण बोलेन. जे विचारतील ते सांगेन. पण तुम्ही नाही बोलणार. तुमचा मुलगा आहे तो.”

मावशीने बोटाला फडकं बांधलं आणि सुनेला आपल्या खोलीवर नेऊन झोपवलं. मुलाला निरोप दिला, की माझं अंग दुखतंय, सोबतीला ठेवून घेतलीय. एवढं खोटं बोलली आणि तेवढ्यानेच ती घामाघूम झाली.

नकाशा कायम करायची शेवटची बैठक दुसऱ्याच दिवशी होती. ठाण्याचे मोठे साहेब, बंबखान्याचे साहेब, आर्किटेक्टबाई, आजूबाजूचे चार प्रतिष्ठित. मुलगा सगळ्यांना खुर्च्या मांडून दाराशी उभा होता. आर्किटेक्टबाई म्हणाली, “कुणाला काही सांगायचंय का? नाहीतर सह्या करू.”

“ते दार,” मावशी उठली, “ते खोडा. बंबखान्याला वेगळं दार पाहिजे. मागच्या गल्लीतून.”

“अहो मावशी, कल्पना तुमचीच होती की!” सगळे हसले. मावशीही नाइलाजाने हसली.

“चुकलं माझं. माझ्याकडे बायका यायच्या अंगठ्या कापायला. आता येत नाहीत. पोलिसांसमोरून यायला घाबरतात.”

“पोलिसांना घाबरायला त्या काय चोर आहेत?” मोठे साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. “दोन दारं म्हणजे पुन्हा सगळा नकाशा आला. अशा मोघम बोलण्यावर मी तो कसा बदलू? एक तरी बाई दाखवा, जी या दारातून परत गेली.”

दाराशी उभा असलेला मुलगा पुढे झाला. “आई, बस गं आता. सगळ्यांचा वेळ जातोय.” सून रोज ऐकत असेल तो हाच आवाज. घरात पाणी मागावं तसा साधा, आणि त्याच्या खाली काय आहे ते तिला आता ऐकू येत होतं.

मावशीला वाटलं, बसावं खाली. म्हातारपणी याच्याशिवाय आपल्याला आहे कोण? तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“माझी सून,” ती म्हणाली. “माझी सून परत गेली. बोट पिरगाळून सुजवलं होतं तिचं. ती दारापर्यंत आली आणि काउंटरवर कोण बसलंय ते बघून परत गेली.”

आर्किटेक्टबाईने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मुलाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. “आई, तुला कळतंय का तू काय बोलतेयस?” तो म्हणाला, आणि या वेळी आवाज कापत होता. मावशीला भडभडून आलं. एवढासा होता तेव्हा ताप आला की असाच आवाज यायचा याचा. कधी एकदा जवळ घेते असं तिला झालं.

मोठ्या साहेबांनी मुलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांची घाई कुठल्या कुठे गेली होती. अगदी हळू, जणू अजूनही माघार घ्यायला तिला जागा ठेवावी तसं, त्यांनी विचारलं, “मावशी, ही नकाशाबद्दलची सूचना समजू, की तक्रार?”

मावशीने लेकाकडे एकदा डोळे भरून पाहून घेतलं.

“तक्रार,” ती म्हणाली. “लिहून घ्या. सून माझ्या खोलीवर आहे, ती पुढचं सांगेल. आणि साहेब, काउंटरवर आज दुसऱ्या कुणाला तरी बसवा.”