पडद्यावर आलेली बंदूक

विठ्ठलरावानं आपली बंदूक सिनेमाला दिली नसती तर त्याचं म्हातारपण सुखात गेलं असतं. पण गावातल्याच मोहनरावाची घेतली आणि आपली नाही, हे त्याला कसं सोसणार? निजामाच्या राज्यातल्या कटकारस्थानाचा सिनेमा होता. मुंबईची मंडळी लिंबागणेशच्या माळावर उतरून जुन्या ठासणीच्या बंदुका गोळा करत होती. विठ्ठलरावानं आपली नेऊन दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण ती बंदूक चोरीला गेली, असं त्यानं कोर्टात शपथेवर सांगितलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात तो सोसायटीचा चेअरमन. छावणीतल्या जनावरांचा कडबा यानं परस्पर विकला. शहादेव दोन एकरांचा धनी, सोसायटीचा सभासद. भर सभेत उठून बोलला. आठव्या दिवशी शेतात गोळी लागून मेला. बंदूक सापडली नाही, विठ्ठलराव सुटला. शहादेवची बायको बायनाबाई खडी फोडायला जाऊ लागली आणि सगळं गाव गप्प बसलं. मीही बसलो.

पुढं उमापूरच्या बाजारात तंबूत तो सिनेमा लागला. नवाबाचा माणूस बंदूक उचलतो आणि तिचा लाकडी दस्ता पडद्याएवढा मोठा दिसतो. दस्त्यावर पितळी पट्टी, पट्टीवर ठिपक्यांनी घातलेलं नाव: बायना. बायनाबाईच्या रुखवतातल्या पितळेच्या तांब्याचा तो तुकडा. विठ्ठलरावाचा फुटका दस्ता सांधून द्यायला शहादेवनं एकदा घरचा तांब्या कापला होता. ती अक्षरं एवढी मोठी दिसतील, हे बंदूक देताना विठ्ठलरावाच्या शहाण्या डोक्यात आलंच नाही.

"हीच ती!" बायनाबाई बायकांच्या बाजूनं ओरडली. "माझ्या तांब्याची पट्टी हाय!"

तिनं गाठलेला वकील म्हणाला, एकदा सुटला तो सुटला, त्याच गुन्ह्याचा पुन्हा खटला नाही.

"कोर्टानं सोडला. मी न्हाई सोडत," ती म्हणाली.

ती तंबूतच झाडलोटीला लागली. तंबू जाईल त्या बाजाराला ती. बंदूक दिसली की पडद्याशेजारी उभी राहून सांगायची, "आमच्या विठ्ठलरावाची हाय. हिनंच माझा नवरा मारला. नाव वाचा." लोक वाचायचे. पार पाली गावापर्यंत बोभाटा झाला. सोसायटीच्या निवडणुकीत विठ्ठलरावाच्या अर्जावर सूचक म्हणून सही करायला माणूस मिळेना. पोरीची सोयरीक मोडली. पोरीचं मला वाईट वाटलं, त्याचं नाही.

शेवटी तो स्वतः तंबूत आला. सगळ्यांदेखत हात जोडले. "बायनाबाई, पाया पडतो. आता बस कर."

"बसा," म्हणत तिनं त्याला सगळ्यांच्या पुढं बसवलं. "आज मी बोलणार न्हाई. बंदूक आली की तुमी उठायचं. कोणाची हाय ते सांगायचं."

बंदूक आली. तंबूत फक्त मशीनचा आवाज. विठ्ठलराव उठला.

"माझी," तो म्हणाला.

"मोठ्यानं," बायनाबाई म्हणाली. "मागं ऐकू जाईना."