मोकळे प्लग

लॅपटॉपच्या दुकानात माझा रंगावरून घोळ चालला होता. शेजारच्या बाई मात्र एकच विचारत होत्या, "बॅटरी कुणाची जास्त चालते?"

"ह्याची. पण स्क्रीन त्याचा सुंदर आहे," विक्रेता म्हणाला.

"स्क्रीन राहू द्या. दवाखान्यात ह्यांच्या पलंगाजवळ एकच प्लग आहे, तो ऑक्सिजनच्या मशीनला लागतो. मी तिथेच बसून ऑफिसचं काम करते."

"दवाखाना काय, चार दिवसांचा. पुढे घरीच वापरणार ना?"

वस्तू घेताना आपण पुढची वर्षं किती सहज धरून चालतो. मी तर रंगसुद्धा त्या वर्षांच्याच भरवशावर निवडत होतो.

बाईंनी कोरा करकरीत स्क्रीन उगाचच पदराने पुसला.

"घरी मी एकटीच असेन," त्या म्हणाल्या. "प्लग सगळे मोकळेच."