मामा आणि परकी भांडणं

माझ्या थोरल्या मामांनी साऱ्या जगाची भांडणं भांडली, फक्त स्वतःचं तेवढं कधी भांडले नाहीत. केदारखेड्यात भाऊबंदांनी त्यांच्या शेताचा बांध कोरला तर हे गप्प. पण कुणा वाटसरूला पाणी नाकारलं म्हणून पाटलाच्या ओट्यावर जाऊन गरजणार. पंगतीत स्वतःचं पान रिकामं असलं तरी तोंडातून शब्द निघायचा नाही. शेजारच्याला तूप कमी पडलं की मात्र वाढप्याची धडगत नसे. अशा माणसाबरोबर बाजारहाट करणं ही शिक्षा आहे, हे मला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत कळलं.

मामा नवा जोडा घ्यायला जालन्याला आमच्याकडे आले होते. "सूनबाईलाबी गाव दाखवू, नदीवर जाऊ," म्हणून आम्हा दोघांना त्यांनी बरोबर घेतलं. टांगा निघतो न निघतो तोच त्यांना घोड्याचा सोललेला खांदा दिसला. "जनावराला जखम हाय अन् तू जुंपून राह्यला?" टांगेवाल्याची कानउघाडणी झाली आणि आम्ही भर उन्हात पायी निघालो.

मस्तगडच्या बाजारात एका कापडदुकानात मारवाडी शेठजींनी खेड्यातल्या बाईला खण आखूड मोजला, असा मामांना संशय आला. आत शिरून त्यांनी गज हातात घेतला आणि स्वतः मोजलं. कापड बरोबर भरलं. उलट ती बाईच उखडली. "शेठ माझा राखीचा भाऊ हाय. तुमाला कुणी बोलावलं मधी?"

नदीवर तर कहर झाला. कुणा बड्या घरच्या नोकराने धुण्याचा चांगला दगड अडवला होता आणि एक म्हातारी बाजूला ताटकळत होती. मामांनी दगड मोकळा करून दिला. म्हातारीच्या हातात जोर नव्हता, म्हणून हे स्वतःच लुगडी पिळत बसले. मी इतका धुमसत होतो, की कुंडलिकेचं पाणी बायकोला दाखवायचंही राहून गेलं.

दिवेलागणीला कसेबसे जोड्यांच्या दुकानात पोहोचलो. दुकानदाराने एक जोड पुढे टाकला. मामांची बोटं चेपली, टाच बाहेर राहिली.

"वापरून सैल होईल," तो दुसरीकडे बघत म्हणाला.

"होईल की," म्हणत मामांनी कनवटीला हात घातला. मी रागाच्या भरात मुद्दामच गप्प राहिलो.

लग्न झाल्यापासून वडीलधाऱ्यांसमोर कधी मान वर न केलेली माझी बायको पदराआडून बोलली, "त्यांचा पाय दिसून न्हाई राह्यला का तुमाला? मापाचा जोड काढा. न्हाईतर आमी बिलकुल घेणार न्हाई."

दुकानदाराने मुकाट्याने दुसरा जोड काढला. तो घालून मामांनी दुकानातच चार पावलं टाकून पाहिली. परतताना वाटेत दोघेजण हमरीतुमरीवर आले होते. मामा त्यांच्या शेजारून तसेच पुढे गेले. त्यांनी ते ऐकलंच नसावं. घर आलं तेव्हा बायकोला पुढे जाऊ देऊन त्यांनी माझा हात धरला.

"माझ्यासाठी भांडली रे ती," ते हळूच म्हणाले. "आजवर कुणी भांडलं न्हवतं."

मी खाली वाकून त्यांच्या नव्या जोड्यावरची धूळ पुसली.