लाल रुमालाची जागा

लातूरला माझ्या दुकानाला लागूनच माझ्या एका स्नेह्यांचंही बी-बियाण्याचं दुकान आहे. भेटेल त्याला ते ‘मालक’ म्हणतात, हमालालासुद्धा. आम्ही एसटीने नांदेडला जातो तेव्हा गाडी थांबायच्या आत त्यांचा लाल रुमाल खिडकीतून सीटवर पडलेला असतो. मग रुमालावरून भांडण होतं, आणि उतरेपर्यंत त्याच भांडणाऱ्याशी दोस्ती.

यंदा एका बियाणे कंपनीने आम्हा दुकानदारांना जपानला नेलं. तिथे एका स्टेशनावर चहाच्या नादात आमची रिझर्व्हेशनची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली, बाकीची मंडळी घेऊन. मी गाडीमागे चार पावलं धावलो. ते मात्र तिकीट खिडकीवर हातवारे करून हसतच परत आले.

“घाबरता कशाला, मालक? हेच तिकीट मागनं येणाऱ्या गाडीत चालतं. जनरल डबा हाय की!”

ती गाडी आली. मी बॅगा ओढत आत शिरलो तेव्हा त्यांच्या शेजारच्या सीटवर रुमाल होता. डबा खच्चून भरला होता, पण रुमालाला कुणी हात लावला नव्हता.

“भांडायलाच कुणी न्हाई,” ते हिरमुसून म्हणाले.

उतरताना रुमाल सीटवरच राहिला. फलाटावरून पाहिलं, तर एक म्हातारे गृहस्थ त्या रिकाम्या सीटशेजारी उभेच.

“बसा की आजोबा! बसा!” काचेबाहेरून हे दोन्ही हातांनी विनवायला लागले.

आजोबांनी यांना कमरेत वाकून नमस्कार केला आणि गाडी सुटली तरी ते उभेच होते.