लॅपटॉपच्या पोटातला नमुना

अमरावती ते अकोला या पट्ट्यातल्या सगळ्या दुकानदारांनी एकत्र बसून एकाच गिऱ्हाइकाला पायरी चढू द्यायची नाही असं ठरवलं, तर ते गिऱ्हाईक आमचे अकोल्याचे भाऊजी असतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी त्यांची साळी, म्हणजे त्यांच्या बायकोची, माझ्या ताईची, धाकटी बहीण. साळीनं भाऊजींची थट्टा करावी ही आमच्याकडची रीतच आहे, पण हे मी थट्टेनं लिहीत नाही. या माणसानं काड्यापेटी घेतानासुद्धा खालची पेटी काढायला लावून तिच्यातली मधली काडी ओढून पाहिलेली मी स्वतः पाहिली आहे.

यामागे कारण आहे. भाऊजींनी उभी हयात अकोल्याजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर म्हणून काढली. शेतकऱ्याची गाडी आली की कापूस पाहायचा आणि त्याची प्रत ठरवायची, हे काम. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून हलकाच ओढायचा, की धागा किती लांब, किती चिवट, ओल किती, हे त्यांच्या बोटांना कळायचं. त्या काळात गाडीवाल्याची नजर त्यांच्या तोंडाकडे नसायची, अंगठ्यांकडे असायची. आणि नमुना ते वरून कधी घेत नसत. बाही कोपरापर्यंत सारून हात थेट गंजीच्या पोटात घालायचे. "वरचा कापूस कोनीबी चांगला ठेवते," असं ते म्हणत, आणि हे वाक्य त्यांनी कापसापुरतं ठेवलं नाही हीच आमच्या घराण्याची कटकट झाली. आंब्याची पेटी आणली की ती उलटी करायची. लुगडं घेतलं की उलटी बाजू आधी. माझं लग्न जमवताना सगळी मंडळी बैठकीत पोहे खात नवऱ्या मुलाच्या पगाराची चौकशी करत होती, आणि भाऊजी मागच्या दारी भांडी घासणाऱ्या बाईजवळ उकिडवे बसले होते. तासाभरानं येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरगा बरा हाय. ताटात टाकत नाई, अन् बाईले नावानं हाक मारते." त्या निकालावर माझं लग्न झालं. निकाल चुकला नाही, हे मी कबूल करते. त्यांच्यापुढे मात्र अजून केलेलं नाही.

तर अशा माणसाला घेऊन मी लॅपटॉप घ्यायला निघाले होते.

माझी मुलगी प्रज्ञा तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तोवर तिनं कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर आणि मैत्रिणींच्या मेहेरबानीवर भागवलं. पण शेवटच्या वर्षी कंपन्यांच्या मुलाखती सुरू होतात, आणि आता त्या मुलाखती घरी बसून लॅपटॉपवर द्याव्या लागतात. समोरचा माणूस पुण्यात नाहीतर बंगलोरला, आणि तुम्ही अमरावतीच्या राजापेठेत पंख्याखाली. ज्याच्याकडे चालता लॅपटॉप नाही त्याची मुलाखत नाही. इतकं साधं.

माझ्याबद्दलही सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आज एका शाळेत ग्रंथपाल आहे. बी. ए. ची तिन्ही वर्षं मी दुसऱ्यांच्या जुन्या पुस्तकांवर काढली. कोणीतरी अधोरेखित केलेलंच वाचायचं, कोणाच्या तरी चहाचा डाग पडलेल्या पानावरच प्रश्न सोडवायचा. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या लेकराला वापरलेली वस्तू द्यायची नाही. सील तिनं स्वतःच्या हातानं फोडलं पाहिजे. माझा पगार बेताचा, म्हणून लॅपटॉप स्वस्तातला, पण कोरा. हा माझा हट्ट होता आणि त्याची मला लाज नव्हती.

राजापेठेतल्या दुकानात गारेगार हवा आणि काचेवर मोठ्ठ्या अक्षरांत 'विद्यार्थ्यांसाठी खास'. दुकानदारानं एक चंदेरी लॅपटॉप पुढे केला. दिसायला सुरीसारखा पातळ. भाऊजींनी तो तळहातावर तोलला, पेरांनी ठोकून पाहिला, झाकण चारदा उघडलं, चारदा मिटलं, आणि प्रज्ञाचा हात धरून खाली लावला. "सांग बरं, गरम लागते काय?"

"थोडा लागतो, मोठेबाबा."

"आता याचं पोट उघडा," भाऊजी दुकानदाराला म्हणाले.

"काका, सील तुटलं तर वॉरंटी जाते."

"म्हंजे पायलं का गेली? असा कसा जिनस? अन् मेमरी का काय म्हंते थे, पुढं वाढवता येईन का?"

"नाही काका, या मॉडेलमध्ये ती बोर्डावरच चिकटवलेली असते."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे पोट्टी वाढन, अन् झगा तेवढाच."

दुकानदारानं चहा मागवला. काचेचा ग्लास इतका कढत की मी पदरानं धरला. भाऊजींनी मात्र तो मुठीत धरला आणि तसाच धरून त्याला सुनावत राहिले. मला वाटलं, शान मारून राहिले, दुसरं काय.

मग त्यांनी आम्हाला ओढत मागच्या गल्लीत नेलं. तिथे एक मिस्त्री कचेऱ्यांतून निघालेले जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकतो. त्यानं एक काळा, जाडजूड, पाट्यासारखा जड लॅपटॉप उलटा केला, मागचे स्क्रू काढले आणि झाकण बाजूला केलं. हा पंखा, ही मेमरी, ही जागा रिकामी आहे, इथे आणखी एक बसते. भाऊजींचा चेहरा असा फुलला, जसा पहिल्या वेचणीचा कापूस पाहून फुलत असेल. "याले म्हंते नमुना. हा घे."

"भाऊजी, हा कोणीतरी वापरलेला आहे."

"मंग? वापरून चालून रायला म्हणूनच तं घे म्हंतो. तुले सील पायजे का लॅपटॉप पायजे, ग्रॅज्युएट?"

रागात असले की ते मला ग्रॅज्युएट म्हणतात. एरवी मला तो शब्द आवडतो. त्या दिवशी लागला. मी म्हणाले, "डब्यावर सगळं लिहिलेलं आहे भाऊजी, मला वाचता येतं. हा कापूस नाही."

त्यांनी लॅपटॉप मिस्त्रीच्या हातात परत ठेवला. घरी मी वांग्याची भाजी आणि पुरणाची तयारी करून ठेवली होती. ते न जेवता बस स्टँडवर गेले. घरचा जावई उपाशी गेला म्हणून माझी आई फोनवर मला अर्धा तास बोलली. मी चंदेरी लॅपटॉप घेतला. प्रज्ञानं सील फोडलं, मी फोटो काढला.

पहिला महिना छान गेला, हे सांगितलं पाहिजे. माझ्या शेजारणीकडे तसाच स्वस्तातला लॅपटॉप आहे आणि तो तीन वर्षं बिनतक्रार चालतो आहे, हेही सांगते, म्हणजे मी खोटारडी ठरणार नाही. पण आमचा मात्र दुसऱ्या महिन्यात धापा टाकायला लागला. सुरू करून कुकर लावला तर वरण आधी व्हायचं. मग कसलंसं अपडेट आलं आणि जागा संपली म्हणाला. प्रज्ञानं स्वतःचेच प्रोजेक्टचे फोटो पुसून त्याच्यासाठी जागा केली. पाचव्या महिन्यात बिजागरीजवळचं प्लास्टिक तडकलं. आणि मुलाखतीला आठ दिवस असताना पडदा काळा झाला तो झालाच.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा माणूस स्क्रीनकडे पाहत म्हणाला, "बिजागरी तुटून आतली वायर कापली आहे. हे फिजिकल डॅमेज. वॉरंटीत बसत नाही."

"पण पडला नाही, आपटला नाही. नुसता उघडला आणि मिटला."

"हाताळणीचा दोष, मॅडम."

तेव्हापासून माझ्या डोक्यात जी सणक गेली आहे ती हे लिहितानाही उतरलेली नाही. उघडल्यानं तुटतो त्याला लॅपटॉप कशाला म्हणायचं? मुलगी काय तो न उघडता पूजेत ठेवणार होती? स्वस्त वस्तूबद्दल माझी तक्रार नाही. आमच्यासारख्यांची घरं स्वस्त वस्तूंवरच उभी राहिली. स्टीलचा साधा डबा वीस वर्षं टिकतो आणि कोणाला फसवत नाही. माझा राग आहे तो अर्धवट वस्तू करायची, तिच्यावर 'विद्यार्थ्यांसाठी' लिहायचं, आणि आत काय घातलं ते पाहता येऊ नये म्हणून पोट शिवून टाकायचं, याच्यावर. ज्याच्याजवळ दुसरा घ्यायची ऐपत आहे त्याला भक्कम वस्तू, आणि ज्याच्याजवळ एकच घ्यायची ताकद आहे त्याला तकलादू. हा कोणता न्याय?

मी भाऊजींना फोन केला नाही. कोणत्या तोंडानं करणार? प्रज्ञानं केला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ते दारात, खांद्याला कापडी पिशवी. घरात न शिरता म्हणाले, "थे सर्विसवाले कुठं बसते?"

ते आधी तिकडेच गेले, प्रज्ञाला घेऊन. तिथे त्यांनी भांडण केलं नाही. काउंटरसमोरच्या खुर्चीत बसले, आणि जो माणूस चंदेरी लॅपटॉप घेऊन आत येईल त्याला शांतपणे विचारायचे, "बिजागरीच ना? या, बसा. हाताळता येत नाई तुमाले." दुपारपर्यंत पाचजण त्यांच्या शेजारी बसले होते. काउंटरवाला म्हणाला, "काका, तुम्ही इथे बसू नका, लोक बिथरतात."

"मी लायनीत हाव, साहेब. हाताळणी शिकाले आलो. तुमी एकडाव उघडून मिटून दाखवा, मंग जातो."

संध्याकाळी प्रज्ञाच्या हातात विनामूल्य दुरुस्तीची पावती होती. पण लॅपटॉप मिळायला पंधरा दिवस, आणि मुलाखत सात दिवसांवर. मी डोक्याला हात लावून बसले तेव्हा भाऊजींनी कापडी पिशवी पुढे ओढली. ताईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला तो काळा लॅपटॉप त्यांनी बाहेर काढला. गल्लीतल्या मिस्त्रीकडचाच. मी ज्या दिवशी त्यांना बोलले, त्याच दिवशी बस स्टँडवर जाण्याआधी त्यांनी तो घेतला होता.

"मायासाठी घेतला व्हता," म्हणाले. "बातम्या पायतो. तुले दिला असं समजू नको, ग्रॅज्युएट. पोट्टीले वापराले दिला."

मिस्त्रीकडून त्यांनी मेमरीची एक पट्टीही आणली होती. पेचकस मात्र प्रज्ञाच्या हातात दिला. "तू उघड."

मला नवल वाटलं. दुसऱ्याच्या हातावर विश्वास न ठेवणारा हा माणूस. प्रज्ञा एकेक स्क्रू काढून त्यांच्या तळहातावर ठेवत होती. ज्वारीच्या दाण्याएवढे स्क्रू. एक घरंगळला आणि फरशीवर पडला. टिंग आवाज झाला, पण पंख्याच्या घरघरीत तो भाऊजींच्या कानी गेला नाही. त्यांनी हात तसाच ओंजळीसारखा धरून ठेवला. मग नजर गेली तेव्हा म्हणाले, "एक कुठं गेला?" प्रज्ञानं तो उचलून त्यांच्या हातावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी गारेगार दुकानात 'गरम लागते काय' विचारायला तिचा हात का घेतला होता, ते आम्हा दोघींना एकदमच कळलं.

मी गॅलरीत जाऊन ताईला फोन लावला.

"तुले आता समजलं?" ताई म्हणाली. "तीन वर्स झाले. साखरेनं बोटं बधिर झाले. चहानं फोड येते तं रात्री मी दाखवतो तवा त्याइले समजते."

"पण ते तर म्हणत होते, जिनिंगमध्ये तपासायचं मशीन आलं म्हणून काढून टाकलं. दरवेळी मशीनला शिव्या देतात."

"मशीननं नाई काढलं वं. मालक तं रहा म्हनत होता. यायनंच सोडलं. म्हने, बोटाले समजत नाई अन् मी कोनाच्या कापसाले हलका म्हनू?"

मी गॅलरीतच उभी राहिले. खाली राजापेठेतली सगळी गाड्यांची वर्दळ चालू होती. हा कापूस नाही, असं मी त्यांना म्हणाले होते.

प्रज्ञाची मुलाखत त्या काळ्या धोंड्यावर झाली. दीड तासात तो एकदाही अडला नाही. पंखा तेवढा गिरणीसारखा वाजला, तर समोरचे साहेब म्हणाले, तुमच्याकडे पाऊस आहे का? तिची निवड झाली. भाऊजी त्या वेळी आतल्या खोलीत दाराला पाठ लावून बसले होते, कोणी मध्ये जाऊ नये म्हणून. निवड कळल्यावर म्हणाले, "मंग? नमुना कोनं काढला व्हता?" आणि त्या दिवशी ते जेवले. पुरणाच्या चार पोळ्या.

परवा माझ्या शाळेतल्या एका बाईंना मुलासाठी लॅपटॉप घ्यायचा होता. बाईंनी भाऊजींनाच बोलवा म्हणून धोशा लावला. प्रज्ञा सुट्टीवर आलेली होती. त्याच राजापेठेत, दुसऱ्या दुकानात गेलो. भाऊजींनी झाकण उघडलं, मिटलं, आणि काही न बोलता प्रज्ञाचं बोट बिजागरीवर नेऊन ठेवलं. तिनं डोळे मिटले. "ढिली आहे, मोठेबाबा. डावीकडची जास्त."

"डावीकडची ढिली हाय," भाऊजी दुकानदारावर कडाडले. "आमाले काय समजत नाई असं वाटलं काय तुमाले?"

दुकानदारानं घाईघाईनं चहा मागवला. ट्रेमधून भाऊजींचा ग्लास आधी मी उचलला. चटका बसला. दोन्ही हातांनी आलटून पालटून धरून ठेवला, बाईंशी इकडचं तिकडचं बोलत राहिले, आणि बोटांना सोसवेल इतका निवल्यावर त्यांच्यापुढे ठेवला.

भाऊजींनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हा थंडा चहा काहून देऊन रायली वं, ग्रॅज्युएट?"